जुन्नरच्या परिसरातील पायी भटकंती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्नर गावात मुक्काम करून आसपासच्या डोंगरांत, लेण्यांत आणि शिवारांत पायी हिंडू इच्छिणाऱ्यांकडून जे प्रश्न सतत येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. सुरुवातीला नवख्यांचे प्रश्न आहेत आणि पुढे अडचणीचे. एकाच गोष्टीची पुनरुक्ती होऊ नये म्हणून जेथे गरज आहे तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शिवनेरी तर गाडीने पायथ्याशी जाऊन दोन-तीन तासांत पाहून होतो. मग जुन्नरला मुद्दाम चालायला का यायचे?

किल्ला तेवढ्या वेळात पाहून होतो, हे खरे आहे. पण शिवनेरी जेथे आहे तेथे तो का आहे, हे पायी हिंडल्याशिवाय नीट उमगत नाही. जुन्नर हे मुळात वाटांवर वाढलेले बाजाराचे गाव आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून कुकडी नदीच्या खोऱ्याने येथे येत असे आणि येथून पुढे पैठणच्या दिशेने जात असे. गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत आणि त्यांमागे या व्यापारातून आलेले धन आहे. लेण्यांतील ब्राह्मी लेखांत देणगी देणाऱ्यांमध्ये यवन, म्हणजे ग्रीकही आहेत : इरिल नावाच्या एकाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या दुसऱ्याने बौद्ध भिक्खूंच्या संघासाठी भोजनमंडप दिला. पुढे निजामशाहीची पहिली राजधानी येथेच होती आणि सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने काही काळ राजधानी पुन्हा येथे आणली.

वाटांवरचा हा व्यवहार आजही थांबलेला नाही. बाजाराच्या दिवशी पश्चिमेच्या डोंगराळ गावांतील माणसे हिरडा आणि तांदूळ घेऊन उतरतात, तर पूर्वेच्या बागायती पट्ट्यातून कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे येतात. जुन्नरपासून पश्चिमेला चालू लागले की काही तासांतच उसाचे मळे मागे पडून भाताची खाचरे सुरू होतात, घरांची छपरे उतरती होतात आणि वाऱ्याला घाटाचा गारवा येतो. गाडीच्या काचेतून हा बदल निसटून जातो.

२. स्वतःची गाडी नसेल तर जुन्नरला कसे पोहोचावे?

पुण्याहून जुन्नर सुमारे ९० ते ९५ किलोमीटर आहे. पुणे-नाशिक महामार्गाने नारायणगावपर्यंत यावे आणि तेथून पश्चिमेला वळावे. पुण्याहून थेट जुन्नरच्या एसटी गाड्या आहेत आणि त्या चुकल्या तरी नारायणगावाहून पुढे वाहन मिळते. मुंबईकडून येणाऱ्यांना कल्याण, मुरबाड, माळशेज घाट असे येऊन बनकर फाट्याला वळता येते. तेथून गणेशखिंड ओलांडली की जुन्नरचे खोरे समोर उघडते. जुन्नर स्थानकातून आपटाळे, घाटघर या दिशेच्या गाड्या थोड्या असतात. त्यांच्या परतीच्या वेळा आदल्या संध्याकाळी स्थानकातच विचारून घ्याव्यात. बाजाराच्या दिवशी वडापच्या जीपगाड्या जास्त धावतात, पण दुपारनंतर त्या बाजार करून परतणाऱ्यांनी भरलेल्या असतात आणि त्यांतील जागेवर पहिला हक्क त्यांचाच मानावा.

३. चालण्यासाठी सर्वांत चांगला काळ कोणता?

एकच उत्तर हवे असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पण हे उत्तर अपुरे आहे, कारण या तालुक्याच्या दोन टोकांचे हवामान वेगवेगळे आहे. पश्चिमेचा घाटमाथा पावसाळ्यात दिवसचे दिवस धुक्यात बुडालेला असतो, तर त्याच वेळी पूर्वेच्या गावांत शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असू शकतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये यायचे असेल तर जुन्नरच्या जवळपासच्या आणि पूर्वेच्या वाटा निवडाव्यात (प्रश्न ११) आणि घाटमाथा पाऊस ओसरल्यावर पाहावा. सप्टेंबरच्या उत्तरार्धात पठारांवर सोनकी आणि तेरडा फुलतो. कारवी मात्र सात वर्षांतून एकदाच बहरते. ऑक्टोबरच्या अखेरीस भाताची कापणी चालू असते आणि त्या दिवसांत खाचरांच्या कडेने चालताना जो वास येतो, त्यासाठी आम्ही दुसरे सगळे महिने सोडून देऊ.

मार्च ते मे या काळात पहाटे निघून दहाच्या आत सावली गाठावी. डोंगर उघडे आहेत आणि काळा कातळ तापला की लेण्यांच्या पायऱ्यांवर पाय ठेवणे नकोसे होते.

१९ फेब्रुवारीला, म्हणजे शिवजयंतीला, शिवनेरीवर लाखोंच्या भावनेचा दिवस असतो. मशाली घेऊन धावत येणाऱ्या तरुणांना पाहणे हा वेगळाच अनुभव आहे, पण त्या दिवशी शांतपणे चालणे होणार नाही. माघी गणेश जयंती, भाद्रपदातील चतुर्थी आणि संकष्टीला लेण्याद्रीविषयी हेच म्हणता येईल.

४. आम्ही पहिल्यांदाच येत आहोत आणि हातात एकच दिवस आहे. कोणती वाट घ्यावी?

गावातून निघून शिवनेरी चढावा, दुपारी गावात परतून जेवावे आणि उन्हे कलल्यावर लेण्याद्रीकडे चालत जावे (प्रश्न ६).

शिवनेरी गावाच्या पश्चिमेला अगदी उशाशी आहे. गाडीरस्त्याने सुमारे तीन किलोमीटर चालले की पायऱ्या लागतात. महादरवाजा, पीर दरवाजा, परवानगीचा दरवाजा, हत्ती दरवाजा, शिपाई दरवाजा, फाटक दरवाजा आणि कुलाबकर दरवाजा असे सात दरवाजे एकामागून एक ओलांडत चढावे लागते. प्रत्येक दरवाजात थांबून मागे वळून पाहावे. वाट कशी वळवली आहे आणि वर चढणारा कोणत्या तटाच्या माऱ्यात येतो, हे तेव्हाच कळते. शिपाई दरवाजाजवळून शिवाई देवीच्या मंदिराकडे वाट फुटते. घाईत बहुतेकजण ती वगळतात. ती वगळू नये, कारण देवीच्या मागच्या कड्यात लेण्यांची रांग आहे आणि हा डोंगर किल्ला होण्याआधी शेकडो वर्षे भिक्खूंच्या वर्षावासाची, म्हणजे पावसाळ्यातील मुक्कामाची जागा होता, याची साक्ष तेथे मिळते.

माथ्यावर अंबरखाना, गंगा-जमुना ही टाकी, बदामी तलाव, १६३० मध्ये शिवाजी महाराजांचा जन्म झाला ती इमारत आणि उत्तरेचे कडेलोट टोक आहे. टोकावरून पूर्वेला जुन्नर गाव, उत्तरेला लेण्याद्रीचा डोंगर आणि पश्चिमेला माणिकडोह धरणाच्या पाण्यापलीकडे चावंड आणि हडसर हे किल्ले दिसतात. पुढच्या दिवसांच्या वाटा ठरवण्यासाठी याहून चांगली जागा नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले, त्यांत शिवनेरी आहे. गर्दी वाढली असली तरी सकाळी आठच्या आधी पायऱ्यांवर अजूनही पाखरांचा आवाज ऐकू येतो.

५. साखळीच्या वाटेने शिवनेरी चढावा का?

सवय असेल, हवा कोरडी असेल आणि बरोबर ती वाट केलेला कोणी असेल तरच. ही वाट गावाच्या बाजूने कड्याला भिडते. तेथे कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि आधाराला साखळी आहे. वाटेत लेणी लागतात. चढताना भीती वाटत नाही, पण उतरताना पायरी दिसत नाही आणि तेथेच माणसे अडकतात. म्हणून साखळीने चढून सात दरवाजांच्या वाटेने उतरावे, उलट कधीही करू नये. पावसाळ्यात आणि त्यानंतर शेवाळ पूर्ण वाळेपर्यंत ही वाट टाळावी. लहान मुलांना येथून नेऊ नये.

६. जुन्नरहून लेण्याद्रीला चालत जाता येते का? किती वेळ लागतो?

जाता येते. अंतर सुमारे पाच किलोमीटर आहे आणि रमतगमत सव्वा ते दीड तास लागतो. कुकडी ओलांडून गोळेगावच्या दिशेने सपाट रस्ता जातो. रस्ता डांबरी असून त्यावर वाहने असतात, त्यामुळे समोरून येणारे वाहन दिसेल अशा उजव्या कडेने एका रांगेत चालावे. नदीच्या पुलावर थोडे थांबावे. जुन्नरचे सारे डोंगर येथून एकाच वेळी दिसतात आणि मधल्या सपाटीवर बाजाराचे गाव का वसले, हे काही न सांगता कळते.

डोंगराच्या पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचे तिकीट घ्यावे लागते. वर जायला सुमारे तीनशे पायऱ्या आहेत. ओळीने कोरलेल्या तीस लेण्यांपैकी सातव्या क्रमांकाच्या विहारात, म्हणजे भिक्खूंच्या निवासाच्या लेण्यात, अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज गणपती आहे. या प्रशस्त दालनात मधे एकही खांब नाही. शेजारच्या सहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहाकडे, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाकडे, भाविकांची पावले सहसा वळत नाहीत. त्यातील खांबांवरचे हत्ती आणि सिंह पाहण्यासाठी पाव तास तरी राखून ठेवावा. लेणी दक्षिणाभिमुख असल्याने हिवाळ्यात दिवसभर ऊन आत येते.

माकडांचा येथे उपद्रव आहे. हातात खाण्याची पिशवी दिसू देऊ नये आणि त्यांना स्वतःहून काही देऊ नये. ही सवय माणसांनीच लावली आहे आणि तिची किंमत मागून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मोजावी लागते.

७. गर्दी नसलेली लेणी पाहायची आहेत. कोठे जावे?

तुळजा लेणी आणि मानमोडी.

तुळजा लेणी जुन्नरच्या पश्चिमेला सुमारे पाच किलोमीटरवर पाडळी गावाच्या हद्दीत आहेत. त्यातील एक चैत्यगृह वर्तुळाकार आहे : मधे स्तूप, भोवती १२ साधे अष्टकोनी खांब आणि वर घुमटाकार छत. बहुतेक चैत्यगृहे लांबट असतात, त्यामुळे असे गोल चैत्यगृह फार दुर्मीळ आहे. आत उभे राहून हलक्या आवाजात बोलले तरी शब्द भोवती फिरतो. याच रांगेतील एका लेण्यात तुळजाभवानीची स्थापना आहे आणि लेण्यांचे नाव त्यावरूनच पडले आहे.

मानमोडीचा डोंगर गावाच्या दक्षिणेला आहे. भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग असे तेथे लेण्यांचे तीन गट आहेत. भीमाशंकर गटात महाक्षत्रप नहपान या शक राजाचा अमात्य अयम याने दिलेल्या टाक्याचा आणि मंडपाचा लेख आहे, त्यावर ४६ हे त्या काळच्या गणनेतील वर्ष आहे. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या संघर्षाचा काळ जुळवताना अभ्यासक ज्या मोजक्या लेखांचा आधार घेतात, त्यांतला हा एक आहे, आणि तो गावापासून तासाभराच्या चालीवर आहे. वाट दगडधोंड्यांची व काटेरी झुडपांची आहे. या डोंगरावर जाण्याआधी पुढील प्रश्नाचे उत्तर वाचल्याशिवाय निघू नये.

८. लेण्यांत मधमाश्यांनी हल्ला केल्याच्या बातम्या येतात. धोका खरोखर किती आहे?

धोका खरा आहे, पण टाळता येण्यासारखा आहे. कड्यांच्या आणि लेण्यांच्या कपाळपट्टीला आग्या मोहोळे लटकलेली असतात. धूर, उग्र अत्तर, मोठा आवाज, वर भिरकावलेला दगड आणि छायाचित्रासाठी मारलेला झगझगीत प्रकाश यांनी माश्या उठतात. पोळे दिसले की बोलणे थांबवून आल्या वाटेने मागे फिरावे, त्या दिवशी ते लेणे पाहायचे नाही असे ठरवून टाकावे. माश्या उठल्याच तर हात झाडू नयेत. तोंड आणि मान कापडाने झाकावी, पण वाऱ्याच्या वेगाने उतार धरू नये, कारण अशा पळापळीत कड्यावरून पडून होणारी इजा डंखांपेक्षा गंभीर असते. जवळचे लेणे, झुडूप किंवा बंद जागा गाठून स्थिर राहावे. अनेक डंख झाले असतील, श्वास लागत असेल किंवा ओठ सुजत असतील तर वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

९. शेतांतून आणि बांधांवरून चालले तर चालते का? पायवाटेवर कायद्याने आपला हक्क असतो का?

हा प्रश्न परदेशात राहून आलेली मराठी मंडळी हमखास विचारतात, कारण काही देशांत शेतांमधून जाणाऱ्या पायवाटांवर सर्वांचा कायदेशीर हक्क असतो. आपल्याकडची स्थिती वेगळी आहे आणि ती समजून घेणे महत्त्वाचे आहे.

प्रत्येक गावाच्या महसुली नकाशावर काही वाटा नोंदलेल्या असतात. तुटक दुहेरी रेषेने गाडीमार्ग दाखवलेला असतो आणि तुटक एकेरी रेषेने पायमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात, गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट. दोन गावांच्या शिवेवरून जाणारा तो शिवरस्ता. अशा नोंदलेल्या वाटांवरून आणि पाणंदीतून चालायला कोणाची परवानगी लागत नाही. नोंद नसलेल्या बांधाची गोष्ट निराळी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ नुसार बांधावरून वाट मिळते, पण ती शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जाण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करून मिळते. फिरायला आलेल्या माणसाला तो हक्क नाही. आपण बांधावरून चालतो ते केवळ मालकाच्या सौजन्याने, हे लक्षात ठेवूनच वागावे.

प्रत्यक्षात जुन्नरच्या शिवारात कोणी सहसा अडवत नाही. शेतात माणूस दिसला तर आधी हाक मारावी : “रामराम, इकडून वाट आहे का?” एवढे विचारणे म्हणजेच परवानगी मागणे असते आणि बहुतेक वेळा वाटेबरोबर चहाही मिळतो. उभ्या पिकात पाऊल टाकू नये. ठिबकच्या नळ्या ओलांडाव्यात, तुडवू नयेत. जुलैमध्ये भाताची आवणी चालू असताना खाचरांचे बांध नुकतेच लिंपलेले असतात, ते पायाखाली फुटले की खाचरातले पाणी वाहून जाते आणि शेतकऱ्याचे दिवसभराचे श्रम वाया जातात, म्हणून त्या पंधरवड्यात बांधांवर जाऊच नये. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी लावलेल्या झटका यंत्राच्या तारेला हात लावू नये, ती बंद आहे असे कोणी सांगितले तरीही.

द्राक्षबागेत आत शिरून छायाचित्रे काढण्याचा मोह आवरावा. बागेवर नुकतीच फवारणी झालेली असू शकते आणि एका घडाला लागलेला हातही मालाची प्रत उतरवतो.

१०. जुन्नर भागात बिबटे आहेत. पायी हिंडणे सुरक्षित आहे का?

दिवसाउजेडी, मोकळ्या वाटेने आणि सोबतीने चालणे सुरक्षित आहे. पहाटेच्या अंधारात किंवा तिन्हीसांजेनंतर उसाच्या कडेने एकट्याने चालणे सुरक्षित नाही. या दोन वाक्यांत काटेकोर फरक करावा, कारण या भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत आणि त्यांत मुले अधिक आहेत.

कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालव्यांचे पाणी आले आणि उसाचे क्षेत्र वाढले. उसात बिबट्याला दडायला जागा, पाणी आणि गावातली कुत्री-डुकरे हे भक्ष्य, असे सगळे मिळते. त्यात जन्मलेल्या पिढ्यांना ऊस हेच घर आहे. म्हणून बिबट्याची धास्ती डोंगरातल्यापेक्षा सपाटीवर जास्त आहे, हे बाहेरून येणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. माणिकडोहला वन विभागाचे बिबट निवारण केंद्र आहे. ते जखमी आणि पकडलेल्या प्राण्यांसाठी आहे, प्राणिसंग्रहालय नव्हे. तेथे विनापरवाना जाण्याचा हट्ट धरू नये.

चालताना गप्पा चालू ठेवाव्यात किंवा काठीला घुंगरू बांधावे. मुलांना दोन मोठ्या माणसांच्या मधे ठेवावे. उसाच्या कडेला वाकून किंवा उकिडवे बसू नये, कारण खाली बसलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही. बिबट्या दिसलाच तर पळू नये, पाठ फिरवू नये, हात वर करून मोठ्याने आवाज करत सावकाश मागे सरकावे. ऊसतोडणीच्या हंगामात फडात बछडे सापडतात. त्यांना उचलू नये, त्यांच्याबरोबर छायाचित्र काढू नये. आई आसपास असते आणि वन विभागाचे कर्मचारी रात्री तिची आणि पिलांची भेट घडवून आणतात. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

पाहुणे दोन दिवसांनी निघून जातात. येथील शेतकऱ्याला मात्र रात्रीची वीज आली की रात्रीच मोटर चालू करायला त्याच उसात जावे लागते. बिबट्या पाहायला मिळेल का, असे त्याला उत्साहाने विचारू नये.

११. पूर्वेच्या बाजूला चालण्यासारखे काही आहे का?

आहे, पण अंतरे मोठी आहेत. गावालगत हापूसबागेत सौदागर घुमट ही भव्य कबर आहे. सकाळच्या तासाभराच्या चालीत ती पाहून होते आणि पावसाळ्यातही जाता येते. नारायणगावच्या पूर्वेला खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तेथे आत जाण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. जवळच्या नारायणगडावरून मात्र तबकड्या चांगल्या दिसतात आणि हा गड छोटा व सोपा आहे. कुकडीकाठी आणखी खाली बोरी येथे प्राचीन ज्वालामुखीच्या राखेचा थर नदीच्या दरडीत उघडा पडला आहे. भूशास्त्राची आवड असणाऱ्यांनीच तेथे जावे आणि तेथील दरड खरवडू नये.

१२. जुन्नरपासून नाणेघाटापर्यंत जुन्या व्यापारी वाटेने पूर्ण चालत जाता येईल का?

येईल, आणि ज्यांच्याकडे दोन दिवस आहेत त्यांनी जरूर जावे. अंतर तीस किलोमीटरच्या पुढे आहे. जुनी वाट बऱ्याच ठिकाणी आजच्या डांबरी रस्त्याखाली गेली आहे, काही भाग माणिकडोहच्या जलाशयाने गिळला आहे. त्यामुळे सातवाहनकालीन दगडी वाट पायाखाली मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. ती मिळते शेवटी, खुद्द घाटात.

पहिल्या दिवशी आपटाळ्यावरून चावंडच्या पायथ्यापर्यंत जावे. वेळ असेल तर तेथून पूरला वळून कुकडेश्वराचे मंदिर पाहावे. कुकडीचा उगम तेथे आहे आणि गावाच्या बाजाराला पाणी देणारी नदी एवढ्या शांत जागी जन्म घेते, हे पाहून पुढची वाट हलकी होते. चावंड चढायचा असेल तर त्यासाठी दुसऱ्या दिवशीची सकाळ ठेवावी. कातळातील पायऱ्या उंच आहेत आणि थकलेल्या पायांनी त्या उतरणे बरे नाही. दुसऱ्या दिवशी घाटघरमार्गे नाणेघाट गाठावा. डावीकडे जीवधन किल्ला आणि त्याच्या शेजारचा वानरलिंगी सुळका सतत सोबत करतो.

घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असत असे परंपरेने सांगतात. थोडे खाली उतरले की गुहेच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची यादी आहे, आणि त्यातील अंक भारतातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी आहेत. अक्षरांवर पाणी टाकणे, खडू फिरवणे किंवा हात घासणे सक्तीने टाळावे. संरक्षित स्मारकाची हानी करणे हा गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

घाटाने कोकणात वैशाखऱ्याकडे उतरून कल्याणची गाडी पकडता येते. उतार दीड-दोन तासांचा आहे. मुंबईकरांनी जुन्नरला एसटीने यावे आणि असे उतरून घरी जावे, म्हणजे आलेल्या वाटेने परतावे लागत नाही.

१३. पावसाळ्यात नाणेघाट, दुर्गवाडी या ठिकाणी बंदी असते म्हणतात. मग जावे की नाही?

अतिवृष्टीच्या काळात प्रशासन धोकादायक ठिकाणांवर निर्बंध घालते. ते दरवर्षी सारखे नसतात आणि आठवड्यातही बदलू शकतात. निघण्याच्या दिवशी पोलीस ठाण्यात किंवा वन विभागाकडे विचारावे. बंदी असेल तर जाऊ नये, ओळखीने सोडवून घेऊ नये. बंदी नसली तरी नाणेघाटात वाऱ्याने उलटे उसळणारे पाणी पाहण्यासाठी कड्याच्या टोकाला उभे राहू नये, कारण तोच वारा क्षणभर थांबला की पुढे झुकलेल्या माणसाचा तोल जातो. ओढा गुडघ्यापर्यंत चढला असेल तर पाणी ओसरेपर्यंत अलीकडे थांबावे.

१४. बरोबर आजी-आजोबा आणि लहान मुले आहेत. त्यांना झेपेल असे काय आहे?

लेण्याद्रीचा सपाट रस्ता वाहनाने जावा आणि पायऱ्या सावकाश चढाव्यात. वर जाण्यासाठी डोलीचीही सोय असते, दर आधी ठरवून घ्यावा. ज्यांना पायऱ्या नकोत त्यांच्यासाठी सौदागर घुमटाची सकाळची फेरी (प्रश्न ११) आणि बाजारातील फेरफटका पुरेसा आनंद देतो. शिवनेरीच्या पायऱ्या बांधीव आहेत, पण दीड तासाचा चढ सलग आहे, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी शिवाई देवीपर्यंत जाऊन परतले तरी गड पाहिल्याचे समाधान मिळते.

१५. मुक्काम आणि जेवणाची सोय कशी आहे?

जुन्नर, नारायणगाव आणि लेण्याद्री येथे निवासाच्या सोयी आहेत. २०१८ मध्ये शासनाने जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिल्यापासून शेतावरच्या आणि घरगुती सोयीही वाढल्या आहेत. पश्चिमेच्या महादेव कोळी वस्त्यांत जेवण मिळते, पण आदल्या दिवशी माणसांची संख्या कळवावी, कारण ऐन वेळी दहा पाहुणे आले तर घरातला शिधा संपतो. ठरलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत. मासवडी या भागातच खावी. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचे सारण भरून केलेल्या वड्या, झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी यांना चालून आलेल्या भुकेची जोड हवी.

रस्त्याकडेला वाळत घातलेला बाळहिरडा हे कोणाच्या तरी वर्षाच्या मिठा-मिरचीचे पैसे आहेत. त्यावरून चालू नये, मूठभरही उचलू नये, हवा असेल तर विकत घ्यावा.

१६. कुत्रा बरोबर आणला, ड्रोन उडवला किंवा गडावर तंबू ठोकला तर चालेल का?

तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. कुत्रा बिबट्याला आकर्षित करतो (प्रश्न १०). ड्रोनसाठी पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते, शिवाय त्याच्या आवाजाने मोहोळ उठू शकते. संरक्षित स्मारके सूर्यास्तानंतर बंद होतात. तंबू लावायचाच असेल तर पायथ्याच्या गावात जागेच्या मालकाला विचारून लावावा आणि उन्हाळ्यात उघड्यावर चूल पेटवू नये. वाळलेल्या गवताला लागलेला वणवा एका संध्याकाळी डोंगराचा सारा चारा खाऊन टाकतो.

१७. मोबाइलच्या नकाशावर दाखवलेली पायवाट प्रत्यक्षात शेतात संपली, किंवा तिच्यावर कुंपण आले आहे. काय करावे?

कुंपण ओलांडू नये, तार वाकवू नये आणि मालकाशी वाद घालू नये. मोबाइलच्या नकाशावरील रेघ म्हणजे पूर्वी कोणीतरी तेथून चालून गेल्याची खूण, एवढाच तिचा अर्थ असतो. चावंडच्या पुढे मोबाइलला रेंजही भरवशाची नसते, त्यामुळे नकाशा आधी उतरवून घ्यावा आणि सोबत वाटेवरील गावांची नावे क्रमाने कागदावर लिहून ठेवावीत. वाट चुकल्यावर “पूरला कसे जायचे” असे विचारता आले की काम होते.

वाट खरोखर नोंदलेली आहे की नाही, हे पाहायचे असेल तर गावाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात किंवा महाभूनकाशा या शासकीय संकेतस्थळावर पाहता येतो. नोंदलेला पायमार्ग कोणी अडवला असेल तर तो खुला करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण ती दाद त्या वाटेवर ज्यांचे रोजचे जाणे-येणे आहे अशा गावकऱ्यांनी मागायची असते. आपण एवढेच करावे की अडलेली जागा आणि तारीख टिपून ग्रामपंचायतीत कळवावी, आणि त्या दिवसापुरते मागे फिरून शेवटच्या वस्तीवर पर्यायी वाट विचारावी. बहुतेक वेळा शाळेतून परतणारे एखादे पोर पुढे होऊन ओढ्याकडची दुसरी वाट दाखवते.